आईच्या अक्षरातली पाटी : अ‍ॅक्रिलिकवर कोरून उजळणारी भेट घरी कशी करावी

माझी पहिली पाटी दिवसाउजेडी इतकी सुबक दिसत होती की मी ती लगेच बांधायला घेतली होती. संध्याकाळी सहज खाली दिवा धरून पाहिला आणि हात गळाले. अक्षरं झळकत होतीच, पण उजव्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा ठसाही झळकत होता. कीस पुसताना पडलेले केसाएवढे ओरखडे दिसत होते आणि बिट, म्हणजे कोरण्याच्या यंत्राचं फिरणारं टोक, एकदा घसरलं होतं ती रेघ तर सगळ्यात ठळक. अ‍ॅक्रिलिकच्या पाटीचा स्वभावच असा आहे. तिच्या अंगाला जे जे लागलं ते ती उजेडात सांगून टाकते, मुद्दाम केलेलं आणि चुकून झालेलं यात फरक करत नाही. खाली दिलेली निम्मी खबरदारी या एका स्वभावापायीच आहे.

करायचं काय ते आधी सांगतो. साधारण २० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच आणि ६ मिलिमीटर जाड अशी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पाटी, तिच्या मागच्या बाजूला हाताने कोरलेला मजकूर, खाली लाकडी बैठक आणि बैठकीच्या पोटात एलईडीची पट्टी. लेझर यंत्र लागत नाही. हात थोडा स्थिर हवा आणि तीन-चार संध्याकाळी मोकळ्या हव्यात.

उजेड आत कसा अडकतो

हे समजून घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन इथे कामाला येतं. जिनिव्हात १८४१ साली कोलाडॉन या शास्त्रज्ञाने टाकीतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत उजेड सोडून दाखवला होता. धार वळली तसा उजेडही तिच्याबरोबर वळला. पाटीत तेच होतं, फक्त पाण्याच्या जागी अ‍ॅक्रिलिक.

अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा, साधारण १.४९ आहे आणि त्यावरून क्रांतिक कोन येतो ४२ अंश. पृष्ठभागाच्या लंबापासून याहून जास्त कोनात आलेला उजेड बाहेर न पडता आतच परततो. खालच्या कडेतून आत शिरणारा किरण कितीही तिरका आला तरी आत गेल्यावर उभ्या दिशेपासून ४२ अंशांच्या पलीकडे कलत नाही. म्हणजे पुढच्या किंवा मागच्या पृष्ठभागावर तो लंबापासून ४८ अंश किंवा त्याहून जास्त कोनात येऊन आदळतो. ४८ हे ४२ पेक्षा मोठे, म्हणून तो बाहेर पडू शकत नाही. दोन भिंतींमध्ये आपटत वर जात राहतो आणि समोरून बघणाऱ्याला पाटी रिकामी दिसते.

जिथे पृष्ठभाग खरवडला गेला तिथे हा हिशेब मोडतो. किरण भलत्याच कोनात भेटतो, विखुरतो, बाहेर येतो, आणि ती जागा पेटल्यासारखी दिसते. बोटाच्या तेलाचंही तसंच. तेल अ‍ॅक्रिलिकला अगदी चिकटून बसतं, त्यातून उजेडाला वाट मिळते आणि ठसा चमकतो. म्हणूनच कोरलेल्या भागावर मागून स्टिकर, डिंक किंवा काळा रंग लावू नये. जे काही पृष्ठभागाला घट्ट चिकटेल ते उजेड चोरेल. मागे काळा पुठ्ठा हवा असेल तर तो चार-पाच मिलिमीटर अंतर सोडून उभा करा.

शीट कोणतं घ्यायचं

अ‍ॅक्रिलिक दोन पद्धतींनी बनतं. साच्यात ओतून केलेलं ते कास्ट आणि यंत्रातून दाबून काढलेलं ते एक्स्ट्रुडेड. कोरायला कास्टच घ्या. त्यावर बिट फिरलं की कोरडा पांढरा भुसा सुटतो आणि रेघ दुधी, दाणेदार होते. उजेड विखुरायला हेच हवं असतं. एक्स्ट्रुडेड लवकर मऊ पडतं, भुशाऐवजी चिकट दोरे निघतात आणि ते बिटाला गुंडाळतात. विकत घेताना कोणतं आहे ते विचाराच, नुसतं बघून कळत नाही.

पॉलिकार्बोनेट मात्र अ‍ॅक्रिलिक समजून आणू नका. ते न फुटणारं म्हणून चांगलं, पण कोरण्यासाठी नाही. रेघेच्या दोन्ही काठांना चिवट कुसं उभी राहतात.

जाडी ५ किंवा ६ मिलिमीटर. ३ मिलिमीटरचं शीट चालतं, पण त्याच्या कडेत पुरेसा उजेड शिरत नाही, बराचसा बाजूने वाया जातो. ८ मिलिमीटर दिसायला भारदस्त असतं, पण बैठकही त्या मानाने जड करावी लागते. ६ मिलिमीटरच्या आपल्या पाटीचं वजन जेमतेम २१५ ग्रॅम भरतं.

शीट मापात कापूनच आणा. घरी करवतीने ६ मिलिमीटर कापणं अवघड नाही, पण भेट द्यायच्या वस्तूवर कापण्याचा सराव कशाला? उलट त्याच शीटचे दोन-चार तुकडे मागून घ्या. सरावाला लागतील आणि पुढे बैठकीतही त्यांचा उपयोग होणार आहे. दोन्ही बाजूंची संरक्षक फिल्म शाबूत आहे ना, एवढं पाहून घ्या.

मजकूर, आणि देवनागरीची स्वतःची अडचण

ही पाटी ताईसाठी होती. काय लिहावं यावर दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात उत्तर सापडलं. आईने ताईला लिहिलेल्या पत्राच्या तळाशी दोनच शब्द होते : तुझी आई. तेवढेच कोरायचे ठरवले. छापील वळणापेक्षा कोणाचं तरी हस्ताक्षर या कामाला फार छान बसतं, कारण हाताने कोरलेली रेघ मुळात थोडी डुगडुगतेच. छापील अक्षरात ते दोष वाटतं, हस्ताक्षरात खपून जातं.

पत्राचा फोटो काढला, मोठा केला, छापला. इथे मी एक शहाणपणा केला. आईची शिरोरेषा उजवीकडे जरा वर चढायची आणि 'तुझी'मधल्या 'झी'वर पोचण्याआधीच संपायची. मी ती सरळ केली, पुरी ओढली. नमुना म्हणून तुकड्यावर कोरला, आणि समोर जे आलं ते सुंदर अक्षर होतं, पण ते आईचं नव्हतं. पुन्हा मूळ फोटोवर आलो. हस्ताक्षर घेणार असाल तर त्याची मोड, अर्धवट शिरोरेषा, जाड पडलेला ठिपका, सगळं तसंच्या तसं घ्या.

आता देवनागरीची अडचण. उजेड खालून वर जातो. त्याच्या वाटेत जी रेघ आडवी येते ती भरपूर उजेड पकडते. जी रेघ त्याच्याच दिशेने उभी आहे तिच्या बाजूने तो निसटून जातो. रोमन लिपीत हे फारसं जाणवत नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येक शब्दावर एक लांबलचक आडवी शिरोरेषा आणि खाली उभ्या कान्यांची रांग! दोन्ही सारख्याच कोरल्या तर शिरोरेषा ट्यूबलाइटसारखी दिसते आणि काने फिके पडतात. दुसरं असं की शिरोरेषेच्या वर जे असतं, म्हणजे वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, ते तिच्या सावलीत जातं. 'तुझी आई'मध्ये 'झी'ची वेलांटी आणि 'ई'चा वरचा फरकाटा दोन्ही वर. माझ्या पहिल्या नमुन्यात ते जवळजवळ दिसतच नव्हते.

यावर तीन उपाय करून पाहिले, तिन्ही लागू पडतात. शिरोरेषा एकाच हाताने, हलकी आणि उथळ ओढायची. काने थोडे रुंद घ्यायचे आणि ते एका सरळ उभ्या रेघेने न कोरता आखूड आखूड आडव्या-तिरक्या टाक्यांनी भरायचे, म्हणजे प्रत्येक टाका उजेडाच्या वाटेत येतो. आणि शिरोरेषेच्या वरचं सगळं दोनदा कोरून खोल करायचं. एकूण नियम हा की दिव्याच्या जवळचं हलकं, दूरचं खोल.

पाटीच्या खालच्या कडेपासून निदान ३ ते ४ सेंटिमीटर जागा कोरी ठेवा. दीड सेंटिमीटर तर बैठकीत जाणारच आहे. शिवाय कडेच्या लगत उजेड एकसारखा नसतो. प्रत्येक दिव्याची पंख्यासारखी पसरणारी स्वतंत्र झोत असते, दोन पंख्यांमध्ये अंधारे त्रिकोण राहतात, आणि थोडं वर गेल्यावरच ते एकमेकांत मिसळतात. अक्षर त्या पट्ट्यात आलं तर अर्धं उजळ, अर्धं मलूल दिसतं.

भरीव काळे भाग असलेलं चित्र निवडू नका. मोठा भाग खरवडला की खालचाच उजेड तिथे संपतो आणि वरचं सगळं उपाशी राहतं. रेषाचित्र घ्या, छटा हवी तिथे ठिपके द्या.

उलटं करायचं, आणि ते विसरायचं नाही

कोरायचं पाटीच्या मागच्या बाजूला. त्यामुळे समोरची बाजू गुळगुळीत राहते, पुसायला सोपी जाते, आणि अक्षर जाडीतून दिसत असल्यामुळे आत तरंगल्यासारखं वाटतं. पण मागून कोरायचं म्हणजे मजकूर आरशातल्यासारखा उलटा हवा. फोनमधल्या फोटो संपादनात आडवं उलटवण्याची सोय असते, ती वापरून छापा. मला त्याहून भरवशाचा वाटतो तो ट्रेसिंग पेपर. त्यावर मजकूर सुलटा उतरवायचा आणि कागद पालथा घालायचा. चूक व्हायला जागाच नाही. चिकटवल्यावर कोरायच्या बाजूने बघत शब्द मोठ्याने वाचून पाहा. सहज वाचता आला तर तो चुकीचा लागला आहे.

कागद पाटीच्या समोरच्या बाजूला, फिल्मवर, मास्किंग टेपने चारही बाजूंनी पक्का करा. फिल्म पारदर्शक नसून कागदी असेल तर ती काढून त्या जागी पारदर्शक फिल्म लावा. समोरची बाजू एक क्षणही उघडी टेबलावर टेकू देऊ नका. मागची फिल्म काढा, पाटी पालथी ठेवा, आता मजकूर ६ मिलिमीटर खाली दिसतो.

इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते. डोकं जरा डावीकडे-उजवीकडे गेलं की खालची रेघ सरकल्यासारखी दिसते आणि कोरलेलं अक्षर नकळत वाकडं होतं. म्हणून आधी एक डोळा मिटून, अगदी वरून बघत, पाण्याने निघणाऱ्या बारीक पेनाने कोरायच्या बाजूवरच मजकूर गिरवून घ्या. पाण्याने न निघणारा मार्कर नको, तो काढायला स्पिरिट लागेल आणि स्पिरिट या कामात वर्ज्य आहे. का, ते पुढे येईल.

कोरणं

हत्यार म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारं रोटरी टूल, हातात धरून बिट गरगर फिरवणारं छोटं विजेचं यंत्र. त्याला लवचीक दांडा जोडता आला तर फारच बरं, कारण मग हातात पेनाएवढंच वजन राहतं. बिटं हिऱ्याच्या भुकटीची, गोल टोकाची. १ मिलिमीटरचं रेषेसाठी आणि २ मिलिमीटरचं रुंद भागासाठी. एवढ्या दोघांवर सगळी पाटी होते, वीस बिटांचा संच घेऊन अठरा तशीच पडून राहतात.

वेग मिनिटाला १०,००० ते १५,००० फेरे ठेवा. जास्त वेगात अ‍ॅक्रिलिक तापतं, साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की मऊ व्हायला लागतं, आणि मग रेघ दाणेदार न होता वितळून गुळगुळीत बसते. गुळगुळीत रेघ उजेड नीट विखुरत नाही. गोडसर, उग्र वास आला किंवा बिटावर पांढरा गोळा जमला तर समजा वेग तरी जास्त आहे किंवा तुम्ही एकाच जागी रेंगाळताय.

गॉगल आणि मास्क लावूनच बसा. भुसा फार बारीक असतो, हलका असतो आणि स्थिर विजेमुळे सगळीकडे चिकटतो, पापण्यांवरसुद्धा.

हाताची गोष्ट अशी. टूल पेनासारखं धरा, करंगळी आणि तळहाताची कड पाटीवर टेकवा, पण मध्ये स्वच्छ सुती कापड ठेवा, नाहीतर घामाचे डाग पडतात. दाबू नका. बिटाला स्वतःचं वजन पुरतं, आपण फक्त दिशा द्यायची. बिट फिरतं त्यामुळे एका दिशेला ते स्वतःच पळायला बघतं आणि उलट दिशेला ओढलं तर शांत चालतं. शांत दिशा कोणती ते तुकड्यावर दोन मिनिटांत कळतं, मग पाटी फिरवून फिरवून नेहमी त्याच दिशेने ओढा. हात वळवू नका, पाटी वळवा. अर्धगोल वळण, जसं 'ई'चं पोट, एका दमात जमत नाही. छोट्या छोट्या ओढींनी जोडत जा.

पहिला हात अगदी फिका, नुसती जागा दाखवण्यापुरता. दुसऱ्या हाताला खरी रेघ. खोली ०.३ ते ०.५ मिलिमीटर पुष्कळ झाली. खोल खोदल्याने उजेड वाढतो हा गैरसमज आहे. रेघेचं अंग खरखरीत असणं जास्त महत्त्वाचं.

भुसा पुसायचा नाही. पुसला की तोच सँडपेपरचं काम करतो, माझ्या पहिल्या पाटीवर ते केसाएवढे ओरखडे असेच आले होते. मऊ ब्रशने झटका किंवा हवेने उडवा.

आणि आता जी युक्ती मला कोणी आधी सांगायला हवी होती : दिवा लावून कोरा. शेवटचा हात देताना पाटी काळ्या कापडावर ठेवा, एलईडीची पट्टी खालच्या कडेला मास्किंग टेपने तात्पुरती लावा आणि खोलीतला दिवा मंद करा. कुठली रेघ उपाशी आहे, कुठली जास्त भडकली आहे ते त्याच वेळी दिसतं. 'झी'ची वेलांटी मी अशी तीन वेळा, दर वेळी दोन-चार टाके वाढवत वर आणली. दिवसाउजेडी तो भाग जरा जाडच दिसतो, पण ही पाटी दिवसासाठी नाही. एकच सांभाळा, उघड्या दिव्यांच्या रोखाने बघत बसू नका. पट्टीवर पुठ्ठ्याचा आडोसा करा.

रेघ घसरलीच तर? उथळ असेल तर १००० च्या वरच्या पॉलिश पेपरने ओला घासून, मग २००० ने, मग अ‍ॅक्रिलिकच्या पॉलिशने ती जागा बरी करता येते. पण घासलेल्या जागेची हलकी लाट अंधारात दिसतेच. मी घसरलेल्या रेघेचं पुढे वेलबुट्टीत रूपांतर केलेलं आहे, आणि ते करताना मुळीच लाजलो नाही.

कडा

खालची कड ही उजेडाची दारं-खिडकी. करवतीच्या खुणा तशाच ठेवल्या तर उजेड दारातच सांडतो. सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर ताणून पाणी लावत घासा : २२०, मग ४००, ६००, १०००, शेवटी २०००. प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत थांबा, घाई केली की शेवटी सगळं पुन्हा करावं लागतं. ठोकळा नक्की वापरा. नुसत्या बोटांनी घासलं की कड गोल होते आणि गोल कड उजेड भलतीकडे फेकते.

बाकी तीन कडांना ४०० पर्यंत घासून सोडून दिलं तर त्या दुधी राहतात आणि पाटीभोवती उजळ चौकट तयार होते. ती आवडत नसेल तर त्याही २००० पर्यंत न्या. ज्योत फिरवून कडा चकचकीत करण्याची पद्धत आहे, पण त्यात आतला ताण वाढतो आणि पुढे बारीक तडे जातात. घरी त्या वाटेला जाऊ नका.

बैठक

सुतारकामाची यंत्रं असतील त्यांनी एका ठोकळ्यात खाच पाडावी. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी हे. २४ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर जाड आणि दीड सेंटिमीटर उंच अशा दोन लाकडी पट्ट्या घ्या, एक पुढची, एक मागची. दोन्हींच्या मध्ये पाटीच्या जाडीएवढी फट ठेवून त्या टोकांना जोडायच्या. फट नेमकी कशी ठेवायची? पाटीच्याच शीटचे दोन तुकडे टोकांना पाचर म्हणून घालायचे, त्यावर मास्किंग टेपचा एक वेढा. ६ मिलिमीटर म्हणून दिलेलं शीट मोजल्यावर कमी-जास्त निघतं, त्यामुळे आकड्यावर विसंबून खाच पाडली की पाटी डुलते किंवा शिरतच नाही. त्याच शीटचा तुकडा कधी खोटं माप सांगत नाही, आणि टेपच्या वेढ्याने हवी तेवढीच सैल जागा मिळते. तुकड्यांना काळा रंग मात्र द्या, नाहीतर बैठकीच्या दोन्ही टोकांना नको असलेले दोन दिवे लागतात. इथे उजेड चोरलेलाच हवा.

या जोडीखाली त्याच मापाची तळफळी. तिच्या मधोमध १० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर खोल चर पटाशीने काढा, एलईडी पट्टी त्यात झोपेल. दिव्यांची मधली रेघ बरोबर फटीखाली आली पाहिजे, एक मिलिमीटरही बाजूला गेली तर उजेड लाकडावर पडतो. चराच्या दोन्ही टोकांना आगकाडीएवढी लाकडी अडणी चिकटवा. पाटीचे खालचे कोपरे त्यावर टेकतात आणि वजन दिव्यांवर येत नाही. दिवा आणि कड यात १ ते २ मिलिमीटर अंतर राहू द्या.

मागच्या बाजूला तारेसाठी भोक. फटीच्या वरच्या काठांना आतून काळ्या फेल्टची अगदी पातळ पट्टी लावली की पाटी आणि लाकूड यांच्यामधून झिरपणारा उजेड थांबतो. बैठकीला पॉलिश किंवा वॉर्निश पट्टी चिकटवण्याआधीच करा. कोरड्या लाकडावर एलईडीचा गोंद आठवड्याभरात सुटतो.

दिवे आणि तारा

भेट म्हणून देताय तर ५ व्होल्टची, यूएसबीवर चालणारी पट्टी घ्या. साध्या यूएसबी मोबाइल चार्जरवर चालते, वेगळा अडॅप्टर हरवण्याची भीती नाही. मीटरला ६० दिव्यांची पट्टी पुरते, १२० ची मिळाली तर उजेड जास्त एकसारखा, कारण दोन दिव्यांतलं अंतर १६.७ मिलिमीटरवरून ८.३ वर येतं. रंगाचं म्हणाल तर ३००० केल्विनचा पिवळसर उजेड हस्ताक्षराला शोभतो. ६५०० चा निळसर पांढरा ठळक असतो, पण दुकानाच्या पाटीची आठवण करून देतो. रंग बदलणाऱ्या पट्ट्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

पट्टी फक्त कात्रीची खूण असलेल्या जागीच कापा. ६० दिव्यांच्या पट्टीचा २० सेंटिमीटर तुकडा म्हणजे १२ दिवे, वीज साधारण १ वॉट, म्हणजे ५ व्होल्टला ०.२ अँपिअरच्या आसपास. एवढ्यात पट्टी फारशी तापत नाही. १२ व्होल्टची पट्टी ५ व्होल्टला जोडली तर ती लागणारच नाही, आणि ५ व्होल्टची १२ ला जोडली तर एकदाच लागेल.

तारेवर मध्येच चालू-बंदचं बटण असलेली यूएसबी केबल मिळते, ती घ्या. तार आधी भोकातून ओवा, आतल्या बाजूला एक गाठ मारा, मगच जोडणी करा. कोणी तार ओढली तर ओढ गाठीवर येते, तारेच्या जोडावर नाही. पट्टीवरच्या अधिक-उणे खुणा पाहून लाल तार अधिकला. सोल्डरिंग गन दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, तांब्याची चकती उचलली जाते. वर हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आकसून जोडावर घट्ट बसणारी नळी. ट्यूब तार जोडण्याआधी ओवायची असते हे लिहून ठेवतो, कारण मी दर तिसऱ्या वेळी विसरतो.

चिकटवण्याआधी तासभर चालू ठेवून बघा. तळफळी स्क्रूने बसवा, डिंकाने नाही. काही वर्षांनी पट्टी गेली तर कोणालाही उघडून बदलता यावी.

शेवटची सफाई

काच पुसायचे निळे द्राव, स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावू नका. नुकत्याच कापलेल्या आणि कोरलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण साठलेला असतो. त्यावर हे द्राव पडले की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. आणि तडे गेले की तेही उजळतात. कोमट पाण्यात साध्या भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश रेघांमधून फिरवून आतला भुसा काढायचा, भरपूर पाण्याखाली धुवायचं, पाणी निथळू द्यायचं आणि मायक्रोफायबर कापडाने टिपायचं. घासायचं नाही.

समोरची फिल्म ही सगळ्यात शेवटी. ती ओढताना स्थिर वीज तयार होते आणि खोलीतली धूळ पाटीकडे धावते. ओलसर कापड फिरवा, सुती हातमोजे घाला आणि पाटी बैठकीत उतरवा. ती चिकटवायची नाही, नुसती ठेवायची.

दिवे मालवून एकदा बघून घ्या. माझ्या दुसऱ्या पाटीवर 'तुझी'च्या शेजारी एक ठिपका चमकत राहिला होता. धूळ समजून मी दोनदा टिपला. मग पत्राचा फोटो काढून बघितला तर तो आईच्या पेनाचाच होता, मी तो इमानदारीने कोरून बसलो होतो. ठेवला तसाच.

बांधताना पाटी बैठकीतून काढा आणि मऊ सुती कापडात गुंडाळा. टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र नको, दोन्ही घासतात. बैठक वेगळी बांधा. सोबत चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा : साध्या मोबाइल चार्जरला लावा, फक्त साबणाच्या पाण्याने पुसा, पाटी कडांनी धरा. चार्जर बरोबर देत असाल तर तो तिसऱ्याच पिशवीत घाला, नाहीतर प्रवासात त्याच्या पिना पाटीवर स्वतःची सही करून मोकळ्या होतात.